ग्लूटेन आणि चेतासंस्थेच्या तक्रारी: निदान कोणत्या क्रमाने करून घ्यावे

हातापायांना सतत मुंग्या येणे, पावलांखालची जमीन नीट न जाणवणे, चालताना तोल जाणे, बोलताना जीभ अडखळणे, साधी गोष्ट सुचायलाही वेळ लागणे, अशा तक्रारींचे कारण शोधत असताना कधी ना कधी ग्लूटेनचे नाव पुढे येते. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील प्रथिनांच्या समूहाला ग्लूटेन म्हणतात. हे नाव कानावर पडताच अनेक जण ही धान्ये खाणे तत्काळ बंद करतात, आणि पुढचे निदान अवघड होऊन बसते ते नेमके यामुळेच. रक्तातील ज्या प्रतिपिंडांवरून (अँटिबॉडी) आणि आतड्यातील ज्या बदलांवरून हा आजार ओळखला जातो, ते सारे ग्लूटेन पोटात जात असेपर्यंतच स्पष्ट दिसतात. ते बंद केल्यावर काही आठवड्यांत आणि महिन्यांत खुणा पुसट होत जातात. मग तपासणी नकारात्मक आली तरी तिचा अर्थ कोणालाच खात्रीने लावता येत नाही. म्हणून आधी तपासण्या आणि मग पथ्य, हा क्रम या लेखात शेवटपर्यंत पाळला आहे.

त्याआधी: थांबून चालणार नाही अशा तक्रारी

अंगाच्या एका बाजूची शक्ती अचानक जाणे, चेहरा वाकडा होणे, बोलणे अचानक बिघडणे, पूर्वी कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, पहिली फिट, अचानक दृष्टी जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, पायांतला अशक्तपणा काही तासांत किंवा दिवसांत वर चढत जाणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, यांपैकी काहीही घडले तर ग्लूटेनचा विचार बाजूला ठेवून लगेच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. पुढची सारी प्रक्रिया आठवड्यांची आणि महिन्यांची आहे. वरील तक्रारींना तेवढा वेळ नसतो.

नेमका संशय कशाचा आहे

"ग्लूटेन सोसत नाही" या एका वाक्यात किमान चार वेगळ्या अवस्था दडलेल्या असतात, आणि प्रत्येकीची तपासणी वेगळी असते. पहिली अवस्था म्हणजे सिलिॲक आजार. यात ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. हा आजार साधारणपणे शंभरात एका व्यक्तीला असतो आणि त्यांतील बऱ्याच जणांना तो असल्याचे ठाऊकही नसते. दुसरी अवस्था म्हणजे ग्लूटेनशी निगडित चेताविकार: तोल बिघडवणारा ग्लूटेन अटॅक्सिया, हातापायांच्या नसांचा ग्लूटेन न्यूरोपॅथी हा विकार, आणि क्वचित आढळणारे इतर काही प्रकार. हे विकार आतड्यातील बिघाडासह दिसतात, तसेच आतडे पूर्णपणे निरोगी असतानाही दिसतात. तिसरी अवस्था गव्हाच्या ॲलर्जीची. तिच्यात पित्त उठणे, सूज, दम लागणे अशी लक्षणे खाल्ल्यानंतर लवकर दिसतात, आणि तिची तपासणी ॲलर्जीतज्ज्ञ करतात. चौथी अवस्था म्हणजे सिलिॲक नसलेली ग्लूटेन संवेदनशीलता. तिच्यासाठी आजही रक्ताची कोणतीही खात्रीशीर चाचणी नाही. बाकीच्या शक्यता वगळल्यावरच तिचा विचार करता येतो.

आतड्याच्या आजाराचा नसांशी संबंध जोडणे अनेकांना ओढूनताणून केलेले वाटते, पण तो जुना आहे. सिलिॲक आजार असलेल्या १६ रुग्णांमधील चेताविकारांचे सविस्तर वर्णन कुक आणि स्मिथ या इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९६६ मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढे १९९६ मध्ये शेफिल्ड येथील मारिओस हाजिवासिलिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, ज्यांच्या चेताविकाराचे कारण सापडत नव्हते अशा रुग्णांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात ग्लायडिनविरोधी (ग्लायडिन या ग्लूटेनमधील प्रथिनाविरुद्धची) प्रतिपिंडे होती, तर निरोगी रक्तदात्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होते. इतर केंद्रांना इतके मोठे प्रमाण दर वेळी मिळालेले नाही आणि या विषयावर तज्ज्ञांत अजूनही मतभेद आहेत. तरीही ग्लूटेनशी संबंधित आजारांच्या व्याख्या ठरवण्यासाठी ऑस्लो येथे जमलेल्या तज्ज्ञांच्या दस्तऐवजात ग्लूटेन अटॅक्सियाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे, तेव्हा ही कल्पना निराधार म्हणून झटकून टाकण्याचे दिवस संपले आहेत.

रुग्णाच्या दृष्टीने यातली सर्वांत उपयोगी माहिती अशी, की ग्लूटेन अटॅक्सिया असलेल्यांपैकी दहा टक्क्यांपेक्षाही कमी जणांना पोटाच्या ठळक तक्रारी असतात. "जुलाब होत नाहीत, वजन घटलेले नाही, म्हणजे सिलिॲक नसणार" असे एखाद्या डॉक्टरांनी म्हटले, तर ही गोष्ट नम्रपणे पण ठामपणे त्यांच्यासमोर मांडावी.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी

पहिल्या भेटीत मिळणारा वेळ थोडा असतो, आणि चेताविकाराचे निदान निम्म्याहून अधिक रुग्णाच्या हकिकतीवर अवलंबून असते. म्हणून हकिकत आधी कागदावर उतरवावी. कोणती तक्रार केव्हा सुरू झाली, ती एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना सारखी, पायांच्या बोटांपासून वर चढत आली की एकदम सगळीकडे जाणवली, हळूहळू वाढत गेली की मधूनमधून बरी होते, हे लिहावे. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का, याची नोंद फार मोलाची असते, कारण तसे होत असेल तर पायांतून मेंदूकडे जाणारी संवेदना कमी झाल्याचा तो संकेत असतो. उलट, डोळे उघडे असतानाही चाल रुंद पावलांची आणि डगमगती असेल, हस्ताक्षर बिघडले असेल किंवा बाजूला पाहताना नजर थरथरत असेल, तर संशय लहान मेंदूकडे वळतो. चालण्याचे आणि जिना उतरण्याचे छोटे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. तपासणीच्या दिवशी तक्रार सौम्य असली तर ते उपयोगी पडते आणि पुढे सुधारणा मोजतानाही त्याची तुलना करता येते.

दुसऱ्या कागदावर औषधे आणि पूर्वीचे आजार लिहावेत. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची औषधे दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते, फेनिटॉइन लहान मेंदूवर परिणाम करू शकते, आणि मेट्रोनिडाझोल बराच काळ घेतल्यास नसांना इजा होऊ शकते. बी-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा स्वतःच नसांना अपाय करतात. मुंग्या येतात म्हणून स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या बाटल्या सोबतच न्याव्यात. मद्यपानाचे खरे प्रमाण सांगावे. ते लपवल्याने तपासण्यांची दिशाच चुकते.

सिलिॲकचा संशय बळकट करणाऱ्या काही गोष्टी चेतासंस्थेच्या बाहेर असतात आणि म्हणून सांगायच्या राहून जातात: लोहाच्या गोळ्या घेऊनही न भरून येणारा रक्तक्षय, वारंवार तोंड येणे, कमी वयातील हाडांची ठिसूळता, वारंवार होणारे गर्भपात, थायरॉइडचा स्वयंप्रतिकारक आजार, पहिल्या प्रकारचा मधुमेह, कोपरे, गुडघे व नितंबांवर उठणारे अतिशय खाजरे फोड, आणि रक्ताच्या नात्यातील कोणाला असलेला सिलिॲक आजार. यांपैकी फोडांना डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. तो सिलिॲक आजाराचाच त्वचेवरील आविष्कार आहे, आणि फोडाशेजारच्या त्वचेचा नमुना तपासून त्याचे निदान निश्चित करता येते.

रक्ताच्या तपासण्या

या टप्प्यावर दोन कामे एकाच वेळी करायची असतात: ग्लूटेनसंबंधी तपासणी, आणि तशाच तक्रारी निर्माण करणाऱ्या इतर कारणांचा शोध. मला दुसरे काम पहिल्याइतकेच, किंबहुना थोडे अधिक महत्त्वाचे वाटते, कारण मुंग्या आणि बधिरपणाची नेहमीची कारणे मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही आहेत आणि दोन्हींवर वेळेत उपचार होऊ शकतात.

ग्लूटेनसाठी सुरुवातीची चाचणी टीटीजी-आयजीए ही असते (टीटीजी या विकराविरुद्धची, म्हणजे एन्झाइमविरुद्धची, आयजीए वर्गातील प्रतिपिंडे ती मोजते), आणि तिच्यासोबत एकूण आयजीए मोजून घ्यावेच लागते. सिलिॲक असलेल्यांपैकी साधारण दोन ते तीन टक्के लोकांच्या शरीरात आयजीए तयारच होत नाही, त्यामुळे त्यांची मुख्य चाचणी फसवेपणाने नकारात्मक येते. आयजीए कमी आढळले तर आयजीजी प्रकारच्या चाचण्या, म्हणजे डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी, मागाव्यात. टीटीजी किंचितच वाढलेले असेल तर एन्डोमायशियल प्रतिपिंडांची चाचणी, म्हणजे ईएमए, खात्रीसाठी केली जाते. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधे चालू असतील तर तेही सांगावे, कारण त्यांमुळे प्रतिपिंडांची पातळी खाली येऊ शकते.

चेताविकाराचा संशय असताना आणखी दोन चाचण्यांचा प्रश्न निघतो. ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडांची जुनी चाचणी सिलिॲकच्या निदानासाठी आता वापरली जात नाही, कारण जवळपास दहा टक्के निरोगी माणसांतही ती सकारात्मक येते. पण ग्लूटेन अटॅक्सियाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तिला अजून महत्त्व देतात, कारण आतडे निरोगी असलेल्या रुग्णांत अनेकदा तेवढीच एक खूण सापडते. टीजी-६ प्रतिपिंडांची चाचणी चेतासंस्थेशी अधिक जवळची आहे. आतड्यावरील हल्ल्यात टीजी-२ (वर आलेले टीटीजी) हे विकर लक्ष्य असते, त्वचेच्या आजारात टीजी-३, तर मेंदूशी निगडित प्रकारांत टीजी-६. मात्र ही चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि तिच्या निकालावरून एकट्याने निदान ठरत नाही. या दोन्ही चाचण्यांचा निकाल मेंदूविकारतज्ज्ञांनी बाकी चित्राशी जुळवून वाचायचा असतो. सकारात्मक ग्लायडिन चाचणी आनुवंशिक अटॅक्सिया असलेल्यांतही आढळलेली आहे.

इतर कारणांसाठी रक्तकणांची गणती, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, तांबे, ई जीवनसत्त्व, प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस, एचआयव्ही आणि सिफिलिस यांची चर्चा डॉक्टरांशी करावी. बी-१२ सीमारेषेवर असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड मोजल्याने खरी कमतरता कळते. सिलिॲकमुळे शोषण बिघडून बी-१२, तांबे किंवा ई जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यातून नसा बिघडू शकतात. म्हणजे एखादी कमतरता सापडली म्हणून ग्लूटेनचा प्रश्न मिटला असे नसते. ती कमतरता का निर्माण झाली, हे विचारायचे राहतेच.

अन्नपदार्थांच्या लांबलचक यादीवर आयजीजी मोजून "काय सोसत नाही" ते सांगणाऱ्या चाचण्या, केसांचे विश्लेषण आणि तत्सम प्रकार यांवर पैसे खर्च करू नयेत. आयजीजी प्रतिपिंडे एवढेच सांगतात, की तो पदार्थ आपल्या खाण्यात आला होता.

जनुकीय चाचणीचे स्थान

एचएलए-डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुके नसतील तर सिलिॲक आजार जवळजवळ नाहीच असे धरता येते. पण ती असतील तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण अनेक लोकसमूहांत ३० ते ४० टक्के माणसांत ती असतात आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर हा आजार होत नाही. आहारातून ग्लूटेन आधीच गेले असले तरी या चाचणीचा निकाल बदलत नाही, हा तिचा खरा उपयोग. ग्लूटेन अटॅक्सियाच्या बाबतीत मात्र नकारात्मक निकाल तितका निर्णायक मानत नाहीत.

दुर्बिणीची तपासणी

रक्ताची चाचणी सकारात्मक आली, किंवा नकारात्मक येऊनही संशय बळकट राहिला, तर पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे नमुने घेतात. आतड्यातील बदल सलग नसून ठिकठिकाणी विखुरलेले असू शकतात, म्हणून ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या या पहिल्या भागाच्या) पुढच्या भागातून किमान चार आणि त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक किंवा दोन नमुने घ्यावेत असे सांगितले जाते. तपासणीपूर्वी "किती नमुने घेणार आहात?" असे विचारण्यात संकोच बाळगू नये. नमुन्यांचा अहवाल बहुधा मार्श वर्गवारीत, म्हणजे आतड्यातील बिघाडाच्या पायऱ्यांत, येतो. त्यातील पहिली पायरी, म्हणजे केवळ लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची वाढ, जंतुसंसर्ग आणि वेदनाशामकांसह इतर अनेक कारणांनी होते. अस्तरावरील सूक्ष्म उंचवटे सपाट झाले असतील तर सिलिॲकची शक्यता फार वाढते, तरी जिआर्डिया या परजीवीचा संसर्ग आणि ऑल्मेसार्टन हे रक्तदाबाचे औषध यांनीही तसेच चित्र दिसू शकते. प्रतिपिंडे नकारात्मक असताना ही कारणे तपासणे विशेष आवश्यक आहे.

मुलांमध्ये टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि वेगळ्या रक्तनमुन्यात ईएमए सकारात्मक असेल, तर नमुने न घेताही निदान करण्यास युरोपीय बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना परवानगी देतात.

मेंदूविकारतज्ज्ञांकडील तपासणी

ही पायरी पोटाच्या तपासण्या संपेपर्यंत लांबवू नये; दोन्ही वाटा समांतर चालाव्यात. तोलाचा त्रास असेल तर मेंदूचा एमआरआय केला जातो. ग्लूटेन अटॅक्सियात लहान मेंदू, विशेषतः त्याचा व्हर्मिस हा मधला भाग, आकुंचलेला दिसू शकतो, पण सुरुवातीला एमआरआय पूर्णपणे सामान्यही असतो. काही केंद्रांत व्हर्मिसमधील रसायनांचे प्रमाण मोजणारी एमआर स्पेक्ट्रोस्कोपी होते आणि ती हा बदल लवकर दाखवू शकते. त्याच वेळी मल्टिपल स्क्लेरोसिस, आनुवंशिक अटॅक्सिया, लपलेल्या कर्करोगामुळे होणारा लहान मेंदूचा विकार आणि जीएडी प्रतिपिंडांचा आजार या शक्यता तपासल्या जातात.

मुंग्या आणि बधिरपणासाठी नर्व्ह कंडक्शन चाचणी, म्हणजे नसांतून संदेश कसा जातो ते मोजणारी चाचणी, असते. ग्लूटेन न्यूरोपॅथी बहुधा दोन्ही पायांत सारखी, बोटांपासून सुरू होणारी आणि सावकाश वाढणारी असते. ही चाचणी जाड तंतूंचेच काम मोजते. त्यामुळे जळजळ आणि वेदना असूनही ती सामान्य आली तर "नसा ठीक आहेत" एवढ्यावर समाधान मानू नये आणि बारीक तंतूंसाठी त्वचेच्या नमुन्याची तपासणी शक्य आहे का, ते विचारावे. फिट येत असतील तर मेंदूच्या मागील भागात कॅल्शियम साचले आहे का हे सीटी स्कॅनमध्ये पाहतात, कारण सिलिॲक, फिट आणि तसे साठे एकत्र आढळणारा एक दुर्मिळ प्रकार ज्ञात आहे.

ग्लूटेन आधीच बंद केले असेल तर

हे अनेकांच्या बाबतीत घडलेले असते आणि त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. बंद करून थोडेच आठवडे झाले असतील तर प्रतिपिंडांची चाचणी लगेच करून घ्यावी, कारण ती अजून सकारात्मक असू शकते. बराच काळ लोटला असेल तर आधी एचएलए चाचणी करावी. ती नकारात्मक आल्यास सिलिॲकसाठी ग्लूटेन पुन्हा सुरू करण्याची गरज सहसा उरत नाही. ती सकारात्मक आली तर ग्लूटेन ठरावीक काळ पुन्हा खाऊन मग तपासणी करण्याचा पर्याय असतो. दररोज किमान तीन ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे ब्रेडचे सुमारे दोन काप, असे दोन आठवडे खाल्ल्यावर बऱ्याच रुग्णांच्या आतड्यात बदल दिसू लागतात; रक्तातील प्रतिपिंडे वाढायला अधिक काळ लागतो, म्हणून जमल्यास सहा ते आठ आठवडे सांगितले जातात.

येथे चेताविकाराच्या रुग्णांनी विशेष सावध राहावे. लहान मेंदूतील पुर्किन्ये पेशी एकदा नष्ट झाल्या की परत तयार होत नाहीत. तोल बिघडत चाललेल्या व्यक्तीने केवळ चाचणी सकारात्मक यावी म्हणून स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे ग्लूटेन खाणे मला धोक्याचे वाटते. हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांनी रुग्णाबरोबर बसून घ्यावा, आणि कधी कधी निदानावर पक्का शिक्का न बसताही पथ्य चालू ठेवणेच शहाणपणाचे ठरते.

पथ्य हीच तपासणी होते तेव्हा

सर्व नमुने घेऊन झाल्यावरच पथ्य सुरू करावे. ते अर्धवट असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, त्यामुळे आहारतज्ज्ञांची मदत घ्यावी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ग्लूटेनमुक्त पदार्थात प्रतिकिलो २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे. ओट्समध्ये गहू मिसळण्याची शक्यता मोठी असल्याने ग्लूटेनमुक्त असल्याची खूण नसलेले ओट्स टाळावेत. सॉस, मसाल्यांची तयार मिश्रणे आणि औषधांच्या गोळ्यांतील घटकही वाचून पाहावेत. सुरू करण्यापूर्वीची स्थिती मोजून ठेवावी: ठरावीक अंतर चालायला लागणारा वेळ, एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, हस्ताक्षराचा नमुना, आणि वर सांगितलेले चित्रीकरण. बी-१२ कमी असेल तर त्याचे उपचार एक दिवसही लांबवू नयेत. मात्र मग सुधारणा कशामुळे झाली हे सांगणे कठीण जाते, आणि ही संदिग्धता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावी.

पोटाच्या तक्रारी आठवड्यांत कमी होऊ शकतात, पण नसांना आणि लहान मेंदूला सहा महिने ते वर्षभर द्यावे लागते. बऱ्याचदा पहिले यश म्हणजे तक्रार वाढायची थांबणे हेच असते, आणि दीर्घकाळ दुर्लक्षित आजारात तेवढेच शक्य असते. प्रतिपिंडांची चाचणी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा करावी. त्यांची पातळी उतरत नसेल तर कुठून तरी ग्लूटेन पोटात जात आहे असे समजून आहाराची पुन्हा छाननी करावी. प्रतिपिंडे पूर्ण गेली असूनही तोल बिघडतच राहिला, तर निदानाचा फेरविचार आणि प्रतिकारयंत्रणेवरील उपचारांची चर्चा व्हायला हवी.

सगळ्या चाचण्या नकारात्मक, पण पथ्याने बरे वाटते, अशा स्थितीत निष्कर्ष काढताना घाई करू नये. बरे वाटणे खरेच असते. पण त्याचे श्रेय ग्लूटेनला जाईलच असे नाही. नॉर्वेत ५९ व्यक्तींवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ग्लूटेन सोसत नाही असे मानणाऱ्यांना गव्हातीलच फ्रुक्टान या कर्बोदकाने अधिक त्रास झाला. इटलीतील सालेर्नो येथे ठरलेल्या निकषांनुसार खात्री करायची तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही न कळवता रोज आठ ग्रॅम ग्लूटेन आणि तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी पदार्थाचा आळीपाळीने आठवडाभर वापर करून, मुख्य लक्षणांत किमान ३० टक्क्यांचा फरक पडतो का ते पाहतात. घरी हे काटेकोरपणे जमत नाही, आणि त्यातही मोजमाप प्रामुख्याने पोटाच्या व थकव्यासारख्या लक्षणांचे असते. म्हणून पथ्याने बरे वाटत असले तरी चेताविकाराचा शोध आणि मेंदूविकारतज्ज्ञांच्या भेटी चालू ठेवाव्यात.

सिलिॲकचे निदान पक्के झाले तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही टीटीजी आणि एकूण आयजीए चाचणी करून घ्यावी, त्यांना कोणतीही तक्रार नसली तरीही. इतक्या जवळच्या नात्यात दहापैकी साधारण एकाला हा आजार असू शकतो, आणि चाचणीसाठी रक्त देण्यापूर्वी ग्लूटेन बंद न करण्याची आठवण त्यांना न विसरता द्यावी.